घाटातला मुक्काम

सुट्टीत मुलांच्या आत्याकडे जाताना वाटेत दोन दिवस डोंगरावर मुक्काम करायचा, असा बेत सूनबाईने मांडला आणि मुलं नाचायलाच लागली. नवऱ्याने मात्र खोडा घातला.

"अगं, बाबांनी त्या घाटात उभा जन्म बस चालवली. वीट आला असेल त्यांना. आपण समुद्राकडून जाऊ."

सासरे तिथेच मटार सोलत बसले होते. "तुम्ही ठरवाल ते," एवढंच म्हणाले. पण त्यांच्या हातून दाणे केरात आणि टरफलं पातेल्यात पडायला लागली, तशी सूनबाई जवळ येऊन बसली.

"बाबा, खरं सांगा. डोंगर नकोसा झालाय का हो तुम्हाला?"

"नकोसा व्हायला आधी पाहायला तर हवा!" सासरे उसळले. "दरी आली की मागे सगळी बस 'अहाहा' करायची आणि माझे डोळे पुढच्या वळणावर. एकदा जरी मान वळवली असती, तर सगळ्यांना घेऊन खालीच गेलो असतो की!"

नवऱ्याने समुद्राचा हट्ट तिथेच सोडला. "बाबा, डोंगरावरच जायचं. खिडकीजवळची जागा तुमची."

सासऱ्यांची कळी खुलली. पण लगेच बोट उगारून त्यांनी लेकाला दम भरला, "गाडी तू चालवायचीस. आणि खबरदार दरीकडे बघशील तर!"