संस्थेचा हिरवा

“रंग तुमी ठरवला, साहेब. अन् अंगावर घेऊन गावात जायचं आमी. एका शब्दानं तरी विचारलं का आमाला?”

कडूबाईचा आवाज चढला नव्हता. मानवतच्या ऑफिसात विधवा बायकांच्या संस्थेची बैठक चालू होती. भिंतीवरच्या पडद्यावर संस्थेचं नवं चिन्ह, गर्द हिरवं. टेबलावर त्याच रंगाच्या साड्यांचा गठ्ठा. संस्थेच्या कामाला गावोगाव फिरणाऱ्या बायकांनी उद्यापासून हीच नेसायची.

चिन्ह काढायला पुण्याहून आलेली अर्पिता म्हणाली, “मावशी, हिरवा म्हणजे पालवी. लांबून ओळखू येतो.”

“लांबूनच वळखू येतो, पोरी. तेच तर दुखणं हाय.”

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. संस्था त्यांची, शेवटचा शब्द त्यांचा. “विधवेनं हिरवं नेसायचं नाही, ही रीत मोडायलाच आपण बसलोय. कुणीतरी सुरुवात करायला पाहिजे.”

कुणीतरी म्हणजे ते स्वतः नव्हते.

सविता तिथल्या सगळ्यांत लहान वयाची. तिनं एक साडी कधीच मांडीवर घेतली होती. “मला तर लय आवडला. मेलेले रंग किती दिस नेसू?”

“तुजा भाऊ पाठीशी हाय, सविते. तू नेस,” कडूबाई म्हणाली. “मी देवगाव फाट्यावर हिरवी नेसून उतरले, की दीर म्हणंल, हिनं दुसरं घर केलं, हिचा आता इथं काई संबंध न्हाई. नवऱ्याचा जमिनीचा तुकडा अन् एक खोली हाय माज्याकडं. त्येला निमित्तच पाहिजे. मागं टिकली लावली, तर केस धरून ओसरीवरून खाली ओढलं व्हतं.”

अर्पितानं लॅपटॉप अर्धा मिटला. “सर, आपण जांभळा करून बघू शकतो.”

“सगळं छापून झालंय. उद्या पाहुणे येतायत, फोटो आहेत,” साहेब म्हणाले. “आणि कडूबाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे. घाबरायचं कारण नाही.”

सवितानं मांडीवरची साडी उचलून परत गठ्ठ्यावर ठेवली.

कडूबाईनं तीच घेतली, काखेत मारली.

“घाबरू नको म्हणायलात, तर नेसते उद्या. काढा फोटो. दिरानं भाईर काढलं, की तुमच्या घरी येते, हीच नेसून. दुसरीकडं कुठं जाऊ? तुमचे वडील गेल्यापासनं तुमच्या आई बी आमच्यावानीच हायेत. त्या मला घरात घेतील का?”

साहेबांनी फोन हातात घेतला.

“फोन ठिवा खाली. घेतील का न्हाई, तेवढं सांगा.”