मृत मातीचा नमुना

‘इमारतीच्या मागील जागेतील मातीचा नमुना घेण्यात आला असून सदर माती घट्ट, चिकण, निचरा नसलेली व मृत असल्याचे आढळून आले आहे. सबब, सदर जागा लागवडीस अयोग्य ठरवून वाहनतळासाठी वापरण्यात यावी.’

इमारतीच्या सचिवांनी एवढे वाचून चष्मा काढला. सभा मागच्या अंगणातच, वाफ्यांच्या कडेला खुर्च्या मांडून भरली होती. वाहनतळाच्या खडीचा पहिला ढीग मात्र सकाळीच गाजरांच्या वाफ्यावर ओतून झाला होता. अंत्यविधी आधी आणि मृत्यूचा दाखला मागून, असा हा क्रम; आणि इमारतीचा नियम तर असा की पिकती जागा मोडायची नाही, पडीक असेल तरच हात लावायचा. म्हणून माती मरणे आवश्यक होते. उरलेल्या वाफ्यांचे काय करायचे, ते आता हात वर करून ठरणार होते.

ते वाफे ज्यांचे, त्या बाई पहिल्याच खुर्चीत बसल्या होत्या. आयुष्यभर महाविद्यालयात व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या. नात्याने सचिवांच्या सख्ख्या भावजय.

“‘घेण्यात आला’,” त्या म्हणाल्या. “कोणी घेतला, भाऊजी?”

“अहो वहिनी, अहवालाची भाषा तशीच असते.”

“भाषा तशी नसते. तिला कर्ता असतो. तो पळून गेला, की मागे असं वाक्य उरतं.”

इतिवृत्त लिहायला बसलेल्या तळमजल्यावरच्या काकू, ज्यांना अख्खी इमारत ‘रेडिओ’ म्हणत असे, खुदकन हसल्या आणि आपण कोणाच्या बाजूने हसलो हे न उमगून पुन्हा लिहू लागल्या.

अहवालातला शब्द न् शब्द खोटा होता असे मात्र म्हणता येणार नाही. तो शिळा होता. बाईंनी ही जागा हाती घेतली तेव्हा माती खरोखरच तशी होती: ओली असताना चपला गिळणारी, सुकली की मनगटभर भेगा दाखवणारी. तिच्यावरचा उपाय जोराचा नव्हता, सबुरीचा होता. गाऱ्यात कुदळ घालायची नाही. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती हाताला चिकटणार नाही आणि दगडही झालेली नसेल अशा घटकेपर्यंत, थांबायचे. मग कुजलेला पाला आणि कंपोस्ट तिच्यात कालवायचे, वरून सुका पाचोळा पांघरायचा, आणि वाफ्यावर पाऊल म्हणून ठेवायचे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या पायांचा भार मधल्या एका पायवाटेने सोसायचा. ‘वाफ्यात पाय टाकलास तर तंगडी मोडून हातात देईन,’ ही बाईंची धमकी इमारतीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होती. घेवडा, टोमॅटो, लिंबाची दोन झाडे आणि कडेचा झेंडू त्या धमकीवर वाढले होते.

“‘मृत’ हे विशेषण तुमचं, की प्रयोगशाळेचं?” बाईंनी विचारले.

“प्रयोगशाळेचं. सही-शिक्क्यानिशी.”

“आणि नमुना वाफ्यातला?”

“जागेतलाच.”

“मी वाफा म्हणाले. तुम्ही जागा म्हणालात.”

“वहिनी, शब्दांचा कीस काढू नका.”

“कीस काढायला गाजरं होती, भाऊजी. त्यांच्यावर तुमची खडी आहे.”

आवाज चढला नव्हता. उलट तो इतका खाली आला होता की मागच्या रांगेतल्यांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या.

अध्यक्ष हा भांडणाला भिणारा माणूस. दोन्ही बाजूंना मान डोलावून त्यांची मान अवघडली होती. “मला मातीतलं काही कळत नाही बुवा,” असे पुटपुटत ते उठले, घेवड्याच्या वाफ्याकडेला उकिडवे बसले आणि पाचोळा सारून त्यांनी एक मूठ माती दाबली. मूठ उघडल्यावर बोटांचे वळ क्षणभर दिसले. अंगठा लावताच सगळे रव्यासारखे सुटले. त्यातून एक गांडूळ निघाले आणि अध्यक्षांच्या तळव्यावरून संथपणे सरकू लागले.

“हे जिवंत आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“त्यानं अहवाल वाचलेला नसेल,” बाई म्हणाल्या.

आता रेडिओकाकू उघड हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मागची रांगही. ते हसणे सचिवांना झोंबले. उभी हयात त्यांनी काँक्रीटचे ठोकळे दाबून तपासण्यात घालवली होती. जे फुटत नाही ते चांगले, जे हातात सुटते ते नापास, ही त्यांची एकमेव आणि प्रामाणिक श्रद्धा होती. त्यात दारात येऊ घातलेली मुलाची दुसरी गाडी.

“मग नमुना नेमका कुठला हो?” अध्यक्षांनी हात न झटकता विचारले. गांडूळ अजून तळव्यावरच होते.

सचिवांचे कान लाल झाले. बाई रेडिओकाकूंकडे वळल्या. “लिहा. आणि एकही शब्द सुधारू नका.”

इतिवृत्तात सचिवांचे म्हणणे असे आहे:

“वाफ्यात धड ढेकूळच मिळेना, त्याला मी काय करू? जिथे हात घालावा तिथे नुसता चुरा. प्रयोगशाळेत काय चुरा घेऊन जायचं? नमुना द्यायचा तर माणसानं जरा घट्टसा द्यावा, म्हणून पायवाटेचं एक ढेकूळ पहारीनं फोडून नेलं.”