दारापर्यंतचं वाक्य

“आय कॅन टू लिफ्ट,” ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या उचलून ओट्यावर ठेवला.

बाईंनी चमचा टेबलावर आपटला. “‘टू’ मध्येच कशाला आडवा घातलास? ‘कॅन’ला लगेच ‘लिफ्ट’ हवं. दोघांच्या मध्ये कुणी आलेलं त्याला खपत नाही. ‘टू’ची जागा पुढे, कुठे जायचं त्याच्या तोंडाशी. पुन्हा.”

तिनं मुकाट्यानं तांब्या परत टेबलावर आणला.

बाईंची इंग्रजी शिकवायची रीत शाळेत नोकरीला होत्या तेव्हापासून हीच. वाक्य तोंडानं म्हणायचं आणि अंगानं करायचं. ‘मस्ट’ म्हटलं की सुटका नाही, ‘मे’ म्हटलं की तुझी मर्जी, ‘कॅन’ म्हटलं की करून दाखव. आणि कुठे, ते सांगेपर्यंत वाक्य अधांतरी. ‘अंडर’चा तास असला की अख्खा वर्ग बाकांखाली शिरायचा. मुख्याध्यापक दारात येऊन विचारायचे, “बाई, वर्ग कुठे गेला?” आणि बाकांखालून दाबलेलं हसू फुटायचं. ते हसू बाईंना अजून ऐकू यायचं, विशेषतः दुपारी, घर शांत असलं की.

आता वर्गात एकच विद्यार्थिनी होती. बाई पडल्यापासून त्यांना उठवणारी, न्हाऊ घालणारी, हाताला धरून चालवणारी. आज दुपारी फोनवर तिची इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. जमली तर परदेशातल्या रुग्णालयात नोकरी, आणि राहायला खोली. खोली मिळाली की आजोळी ठेवलेल्या लेकीला जवळ आणता येणार होतं.

“झाली का सुरू शाळा?” शेजारीण खिडकीतून डोकावली. “बाई, आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेताय हो. ही गेल्यावर तुम्हाला उठवणार कोण?”

“जन्मभर तेच केलं,” बाई म्हणाल्या. “पोरं शिकवायची आणि घालवून द्यायची. तुझं दूध उतू जातंय बघ.”

“अगं बाई!” शेजारीण पळाली.

“आय कॅन टू...” तिनं पुन्हा सुरुवात केली आणि तांब्याला हात लावला.

बाईंनी या वेळी चमचा आपटला नाही. तो हळूच खाली ठेवला. “पुरे. सकाळी कपडे वाळत घालताना स्वतःशी बोलत होतीस. ‘आय कॅन लिफ्ट द पेशंट फ्रॉम द बेड.’ एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी ऐकलंय.”

तिनं तांब्यावरचा हात काढून घेतला.

“मुद्दाम चुकतेस?”

“मग काय करू?” ती एकदम उसळली. “परवा मी पाच मिनिटं भाजी आणायला गेले, तर तुम्ही न्हाणीच्या दारात बसलेल्या. बसलेल्या कसल्या, घसरलेल्या. मी जाते तिकडे, आणि इथे तुम्हाला काही झालं तर? लेकीपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू?”

“ते माझं मी बघेन.”

“बघाल? बरं.” तिनं पदर खोचला आणि टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली, बाई वर्गात उभ्या राहायच्या तशी ताठ. “आज मी सांगते, तुम्ही करायचं. जमलं तर परीक्षेला बसेन. नाही जमलं तर फोन उचलणारच नाही.” मग सावकाश, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत म्हणाली, “यू कॅन वॉक टू द डोअर.”

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार होतं तिथेच होतं, पण आज फार लांब वाटलं.

टेबलाची कड धरून बाई उठल्या. गुडघा कुरकुरला. कड संपली तिथे खुर्चीची पाठ हाताला लागली. खुर्चीनंतर भिंतीपर्यंत धरायला काहीच नव्हतं. बाई थांबल्या. तिचे हात आपसूक पुढे आले. मग तिनंच ते मागे नेले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले.

बाईंनी पाऊल टाकलं. मग दुसरं. तोल एका बाजूला गेला, सावरला. तळवा भिंतीवर थापला गेला आणि भिंतीच्या आधारानं सरकत सरकत त्या दाराशी पोचल्या. कडी काढायला दोन्ही हात लागले. दार उघडलं तेव्हा वरचा ओठ घामानं भिजला होता.

“टू द डोअर,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “आता तू. ‘आय’नं सुरुवात. आणि म्हटलंस ते करायचं.”

डोळे पुसून तिनं बाईंकडे पाहिलं. “आय कॅन गो,” ती म्हणाली. थांबली. “आय कॅन गो थ्रू द डोअर.”

“बरोबर. मग उभी काय राहिलीस?”

ती बाईंच्या अंगाला धक्का न लावता बाहेर गेली आणि जिन्यापाशी उभी राहिली. आत टेबलावर तिचा फोन वाजू लागला.

“आणते मी,” ती उंबऱ्याकडे वळली.

“थांब तिथेच.” बाईंनी दाराची चौकट सोडली आणि टेबलाकडे तोंड केलं. “परतीचं वाक्य माझं आहे.”