चौथी सही

पर्समध्ये लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी ओळखीच्या चौघांची हमी लागत होती. तीन सह्या मिळाल्या, चौथीसाठी ट्रीना माजी सासरे वेंडेल यांच्या सफरचंदाच्या बागेत गेली. शिडीवरून उतरून वेंडेलनी चष्मा लावला आणि अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘घटस्फोटित नवऱ्यापासून जिवाला धोका.’ “कर्टिस पुन्हा आला होता?” “मागचं दार फोडलं, बाबा. मुली कपाटात लपल्या होत्या.” “आणि सही मागायला माझ्याकडे आलीस? पोटचा पोरगा आहे तो माझा!” “गावात चौथं कुणी मिळेना. सगळे घाबरतात त्याला.” वेंडेलनी खिशातून पेन काढलं. मग शिडीच्या पायरीवर कागद टेकवून सही केली. “घर बदलतेस ना?” “हो, शनिवारी.” “कुठे ते मला सांगू नकोस, पोरी,” ते म्हणाले. “तो दारात येऊन रडला, तर माझ्या तोंडून निघून जाईल.”