सीमाचं भजन

"आज वॉकला नाही गेलात?" सीमाने विचारलं.

"बाहेर घसरडं आहे," शैलेंद्र म्हणाला आणि टॅबलेट तिच्या उशाशी आणून ठेवला. "तुझं भजन लागेल आता."

बाहेर चक्क ऊन होतं आणि ड्राइव्हवे कोरडा ठणठणीत. पण तिचा पलंग फॅमिली रूममध्ये आणल्यापासून ती नवऱ्याशी वाद घालत नसे. दम लागायचा.

भजन म्हणजे आइसलँडचा सरकारी रेडिओ. त्यातलं अक्षरही तिला कळत नसे. पण मुलगा, पुष्कर, तिकडे गरम पाण्याच्या प्लांटवर इंजिनियर म्हणून लागला तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, "आई, एवढासा देश आहे. कुणी गेलं की दुपारी रेडिओवर नाव वाचतात आणि अख्खा देश ऐकतो. आमच्या कँटीनमध्ये तेवढा वेळ चमचासुद्धा वाजत नाही." तिकडची दुपार म्हणजे इकडे कॅनडात, मार्कहॅमला, सकाळ.

तेव्हा तो रोज फोन करायचा. मग त्याने तिकडच्याच मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन घरी आला. शैलेंद्रने दार उघडलं नाही. मायनस अठरा होतं. दोघं बॅगा घेऊन बाहेर उभी, आणि हा बाप आत लाइट बंद करून बसलेला! सीमा रडली, हातापाया पडली. पण कडी काढायला तिचाही हात धजला नाही. जाताना पुष्कर बाहेरूनच ओरडला, "बाबा जिवंत असेपर्यंत या घरात माझा फोनसुद्धा येणार नाही!"

शब्दाचा पक्का निघाला. बापावर गेलेला, दुसरं काय! नंबर बदलला. त्याची बहीण ऊर्मी विंडसरला असते, तिने आई आजारी असल्याचे मेल केले, मेसेज केले. सगळीकडे ब्लॉक. प्लांटच्या ऑफिसने सांगितलं, घरचे फोन तो घेत नाही.

तेव्हापासून सीमा रेडिओ ऐकू लागली. तिकडच्या नावांना ठरलेलं शेपूट: बायका सगळ्या 'दोत्तिर', पुरुष बहुतेक 'सन'. त्यांत आपलं कारखानीस आलं तर भातातल्या खड्यासारखं दाताखाली येईल. नाही आलं, म्हणजे आज पोरगं आहे. मग ती चहाचा पहिला घोट घ्यायची.

"मेलेल्यांची हजेरी कसली घेतेस रोज?" शैलेंद्र म्हणायचा. भजन हे नावही त्याचंच.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्प्रिंगपर्यंतचा भरवसा देता येत नाही. घरी आल्यावर सीमा एवढंच म्हणाली, "मला एकदा पुष्करचा आवाज ऐकायचाय हो. बाकी काही नको." शैलेंद्र उठून वॉशरूममध्ये गेला. आत बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर त्याचं काहीतरी बिनसलं. ऊर्मीला फोन करून हळू आवाजात कितीतरी वेळ समजावत बसला. मग स्वतःचे कपडे, गादी, सगळं बेसमेंटमध्ये नेलं. म्हणे, "माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते." सगळा संसार झाला, तेव्हा नाही सुचलं ते! एकदा मध्येच म्हणाला, "तो अजून ऐकत असेल का गं ते भजन?"

आणि काल खालून त्याचं फोनवरचं इंग्लिश ऐकू आलं. "येस, कारखानीस... नो, द फ्युनरल इज प्रायव्हेट. फॅमिली ओन्ली."

 सीमाने विचारलं नाही. विचारलं की ते खरं होईल, असं तिला वाटत राहिलं. रात्रभर ती उशीत तोंड खुपसून पडून होती.

आता शैलेंद्रने टॅबलेटचा आवाज मोठा केला. मग लँडलाइनचा हँडसेट आणून तिच्या हाताशी ठेवला. पुष्करला तोच नंबर पाठ होता, म्हणून ती लाइन तिने कधी बंद करू दिली नव्हती.

"अहो, तुम्हाला काही कळलंय का?"

"ऐक आधी."

"माझ्या पुष्करला काही झालंय ना? खरं सांगा. तुम्हाला माझी शपथ आहे."

"सीमा, ऐक." त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत तिने तो असा ऐकला नव्हता. तो वळला आणि किचनच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला.

रेडिओवरची बाई नेहमीच्या शांत आवाजात वाचायला लागली. एक दोत्तिर झाली. एक सन झाला. मग बाई जरा अडली, अनोळखी नाव वाचायच्या आधी अडतात तशी. सीमाने शालीचं टोक तोंडात कोंबलं. देवा, नको. मला ने, पण हे नको.

"शैलेंद्र कारखानीस," बाईने एकेक अक्षर जपून वाचलं. "मार्कहॅम, कॅनडा."

सीमाने मान वळवली. शैलेंद्र पाठमोरा उभा राहून तिच्यासाठी चहा गाळत होता.

चहा निवायच्या आत लँडलाइन वाजली.

"उचल," तो कुजबुजला, आणि पायांचा आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन बेसमेंटचा जिना उतरू लागला.