एक्केचाळिसाव्या हुकावरचा कोट

बिश्केकच्या त्या थिएटरात बुरुलाय एकतीस वर्षं प्रेक्षकांचे कोट सांभाळत होती. नाटक मात्र तिनं एकही पाहिलं नव्हतं.

या हिवाळ्यात एक्केचाळिसाव्या हुकावर कुणीही न दिलेला राखाडी कोट येऊन लटकायचा. खिशात दर वेळी शहरातल्या वेगळ्याच थिएटरचं तिकीट.

"प्रवासी दिसतोय," कामावरची जोडीदारीण सबिरा म्हणाली.

"अडकवायची पट्टी तुटलीय आणि निघालाय गाव बघायला," म्हणत बुरुलायनं ती शिवून दिली.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी खिशात याच थिएटरातल्या दुपारच्या प्रयोगाचं न फाडलेलं तिकीट निघालं. ते वाचून तिनं मान वर केली, तर हूक रिकामा.

"तुझा पाहुणा पुढं गेला. जा ताई, बाकीचे कोट मी बघते," सबिरा म्हणाली.

प्रेक्षागृहात अंधार झाला. शेजारच्या खुर्चीवरून एक राखाडी बाही हळूच तिच्या मांडीवर आली. तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत कुणीच नव्हतं.

खांद्यापाशी कुणीतरी तिची बोटं मायेनं धरली.