न बांधलेल्या युद्धनौकेचा कल

तहाने युद्धनौकांच्या वजनावर मर्यादा घातली होती. ती पाळण्यासाठी अभियंत्याने खिळा न् खिळा तोलून आराखडा रचला; पण सरकार बदलले आणि सारे मुसळ केरात गेले. उरला तो चाचणीच्या हौदातला लाकडी नमुना.

"बाबा, निरोप घ्यायला सगळे खलाशी एकाच कठड्याशी धावले, तर तुमची नौका कलेल?" मुलाने एकदा विचारले होते.

"कलेल की, किंचित. बुडणार मात्र नाही."

"मग मी तिच्यावरच जाणार."

त्याला जुन्या नौकेवर जावे लागले. ती परतली नाही.

आज हौद कायमचा रिकामा करायचा होता. अभियंता काठाशी आला, तेव्हा नमुना त्याच्या बाजूला किंचित कललेला होता. आतली वजने जागच्या जागी होती. पाणी निश्चल होते.

"लाकूड फुगलं असेल, साहेब," झडपेशी उभा राखणदार म्हणाला. "या ओलीनं माझे गुडघेही फुगलेत."

"असेल."

फुगलेले लाकूड बाजू बदलत नाही. म्हणून अभियंता हौदाला वळसा घालून पलीकडे गेला आणि थांबला.

नमुना सावकाश सरळ झाला. मग, एकही तरंग न उठवता, पुन्हा त्याच्याकडे कलला.

"साहेब," राखणदाराने विचारले, "सोडू पाणी?"